एकच फूटपट्टी : मेंदूंचं वेगळेपण आणि समतेचा प्रश्न



विषयाला हात घालण्यापूर्वी एक कबुली देतो. शिक्षकाने निवृत्त झाल्यावर तरी खरं बोलावं, नाही का? साधारण चाळीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. कांट शिकवताना मी अडखळलो तर तो मला सावरून घ्यायचा, इतकी त्याची समज पक्की होती. वर्षाअखेरच्या अंतर्गत परीक्षेत त्याचा पेपर माझ्यासमोर आला. अक्षरं उलटसुलट, वाक्यं अर्धवट, तीन तासांत जेमतेम चार पानं. मी त्याला नापास केलं. एका सहकाऱ्याने विचारलंही, "अहो, त्याला सगळं येतं ना?" मी म्हणालो, "येत असेल. पण फूटपट्टी सगळ्यांना एकच." आणि असं म्हणताना मी समतेचं रक्षण करतोय असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. पुढच्या वर्षी तो मुलगा कॉलेजात आला नाही.

आजचा विषय त्या उत्तरपत्रिकेतून निघालेला आहे. माणसाच्या स्वभावात समताधिष्ठित समाज बसतो का? आणि माणसांचे मेंदूच जर एकमेकांपासून वेगळे असतील, तर समता म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे. हाताची पाच बोटं सारखी नसतात. समतेचा विषय निघाला की कोणीतरी हात वर करून बोटं दाखवतोच. म्हण खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. बोटं सारखी नाहीत म्हणून करंगळीला रक्त कमी मिळत नाही. 'वेगळं असणं' ही एक गोष्ट झाली आणि 'वरचं-खालचं असणं' ही दुसरी. पहिल्यावरून दुसरीकडे उडी कशी मारली गेली, याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात रूसोपासून करू. फ्रान्समधल्या दिजाँच्या अकादमीने निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय असा की, माणसांमधल्या विषमतेचा उगम कशात आहे आणि निसर्गाच्या कायद्याची तिला मान्यता आहे का? रूसोला बक्षीस मिळालं नाही, पण १७५५ साली छापलेला त्याचा निबंध आपण आजही वाचतो. त्याने विषमतेचे दोन प्रकार सांगितले. एक नैसर्गिक : वय, प्रकृती, ताकद, बुद्धी यांतले फरक. दुसरी सामाजिक : संपत्ती, मान, सत्ता. ही माणसांच्या संमतीने उभी राहते. मग त्याने विचारलं, या दोघींचा काही आतला संबंध आहे का? म्हणजे राज्य करणारे हे राबणाऱ्यांपेक्षा खरोखरच शहाणे असतात का? आणि त्यानेच टोला हाणला की हा प्रश्न मालकाच्या कानावर पडेल अशा बेताने गुलामांनी चघळायला ठीक आहे, सत्य शोधणाऱ्यांना तो शोभत नाही.

रूसोच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १८०० साली, दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेराँ भागात एक रानटी मुलगा सापडला. वय अकरा-बारा. बोलत नव्हता, कपडे फाडून टाकायचा. पॅरिसमध्ये मोठी उत्सुकता, कारण निसर्गावस्थेतला माणूस जणू हाताला लागला होता! पिनेल हे त्या काळचे नामवंत डॉक्टर. त्यांनी तपासून निर्वाळा दिला की हा जन्मतःच मंदबुद्धी आहे, सुधारणार नाही. इतार नावाच्या तरुण डॉक्टरला हे पटलं नाही. त्याने मुलाचं नाव व्हिक्टर ठेवलं आणि पाचएक वर्षं चिकाटीने शिकवलं. व्हिक्टर काही लेखी शब्द ओळखू लागला, माया करू लागला, पण बोलायला काही शिकला नाही. इतारने शेवटी प्रयत्न सोडले. व्हिक्टर स्वमग्न असावा, म्हणजे ज्याला आज ऑटिझम म्हणतात तसा, असं पुढे काही अभ्यासकांनी सुचवलं. दोनशे वर्षांनंतर निदान करणं कठीणच आहे, ते आपण सोडून देऊ.

मला या गोष्टीतलं तिसरं माणूस महत्त्वाचं वाटतं. मादाम गेराँ नावाची एक बाई व्हिक्टरला जेवूखाऊ घालत होती, सांभाळत होती. पिनेलने हात झटकले, इतार थकला, पण व्हिक्टर १८२८ साली मरेपर्यंत तिच्याच घरी राहिला. या कामाबद्दल सरकार तिला वार्षिक रक्कम देत असे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात तिचा उल्लेख तळटीपेत येतो. पिनेलचा प्रश्न होता, 'हा कोणत्या वर्गात बसतो?' इतारचा प्रश्न, 'याला आपल्यासारखं करता येईल का?' आणि मादाम गेराँचा प्रश्न बहुधा इतकाच, की 'हा आज जेवला का?' या तीन प्रश्नांपैकी समतेच्या सर्वांत जवळचा कोणता, याचा विचार करा.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं. सगळी मुलं शाळेत आली, आणि सगळी एकाच गतीने शिकत नाहीत हे शिक्षकांच्या डोळ्यांसमोर आलं. बघा हं, ही मुलं आधीही होतीच. पण शेतावर किंवा गुरांमागे असताना वाचता न येणं हे कुणाचं वैगुण्य नव्हतं. एकच वर्ग, एकच पुस्तक आणि एकच घड्याळ आलं, तेव्हा ते वैगुण्य ठरलं. १९०४ साली सरकारने समिती नेमली, आणि १९०५ साली आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमाँ यांनी तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. हेतू चांगला होता : कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखणं. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे असं मानण्याला बिने यांचा विरोध होता, आणि १९०९ सालच्या पुस्तकात त्यांनी तो स्पष्ट मांडला. १९११ साली ते वारले.

पुढे काय झालं? गॉडार्ड यांनी ती चाचणी अमेरिकेत नेली. टर्मन यांनी १९१६ साली स्टॅनफर्डमध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. मदतीसाठी केलेलं मोजमाप प्रतवारीसाठी वापरात आलं, आणि प्रतवारी झाली की खालची प्रत नकोशी होते. इंडियाना राज्याने १९०७ सालीच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. १९२७ साली कॅरी बक या तरुणीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आई मंदबुद्धी, मुलगी मंदबुद्धी, नातही तशीच निघणार, असा दावा होता. आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने नसबंदीला परवानगी दिली. कॅरीची ती लहान मुलगी पुढे शाळेत गेली, चांगल्या गुणांसाठी तिचं नाव गौरवयादीत आलं, आणि आठव्या वर्षी आजाराने ती गेली. या कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली.

ही चाचणी आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आपल्याकडे पुढे कित्येक दशकं वापरली गेली. परदेशी मुलांसाठीचे प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे लावणं अन्यायाचं आहे, हे कामतांना कळलं होतं. फूटपट्टीसुद्धा कुणाच्या तरी मापाने बनलेली असते, ही समज त्यात आहे. तिची मला चाळीस वर्षांपूर्वी आठवण झाली असती तर बरं झालं असतं. असो.

आता या इतिहासातला सर्वांत काळा भाग. जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. युद्ध सुरू झाल्यावर 'टी-फोर' नावाच्या मोहिमेत संस्थांमधल्या अपंग आणि मनोरुग्ण माणसांना ठार मारण्यात आलं. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसं मारल्याची नोंद त्या खात्याने स्वतःच ठेवली आहे. व्हिएन्नात 'श्पीगलग्रुंड' नावाच्या बालरुग्णालयात ७८९ मुलं दगावली. याच शहरात हान्स आस्पर्गर हे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. १९४४ साली त्यांनी स्वमग्न मुलांवर निबंध लिहिला. ही मुलं विचित्र वाटतात, पण त्यांच्यातल्या काहींची बुद्धी असामान्य असते, समाजाला त्यांचा उपयोग आहे, असं त्यांनी मांडलं. पुढे बरीच वर्षं आस्पर्गर म्हणजे मुलांचे तारणहार अशी प्रतिमा होती. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रं उजेडात आणली. तीन वर्षांचीही नसलेल्या एका मुलीला श्पीगलग्रुंडमध्ये पाठवावं, अशी शिफारस १९४१ साली आस्पर्गर यांच्या सहीने झाली होती. तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी तिथे मेली.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळ्या व्याख्यानाचा मुद्दा इथे आहे. एकच डॉक्टर काही मुलांची बाजू मांडतो आणि एका मुलीला मृत्यूच्या दारात पाठवतो. हा विरोधाभास वाटतो, पण तर्क एकच आहे. 'हा उपयोगी आहे म्हणून याला जगू द्या' असं आपण म्हटलं की, 'मग जो उपयोगी नाही त्याचं काय' या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात दिलेलं असतं.

आणि हा तर्क फक्त तिकडचा नाही. आपल्या तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरचं उदाहरण घ्या. महानुभाव पंथात परमेश्वरावतार मानले गेलेले श्रीगोविंदप्रभू तिथे राहत. त्यांचं चरित्र म्हाइंभटांनी लिहिलं, ते मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक. त्यात दिसतं ते असं : गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात आणि त्यांनाच पूजतात. ते कुठेही शिरतात, कुणाच्याही घरी खातात, महार-मांगांच्या वस्तीत जातात, आणि गाव त्यांना सांभाळून घेतो. मी कुणाचं निदान करत नाहीये, तो उद्धटपणा होईल. मला गावाबद्दल बोलायचंय. वेगळं वागणाऱ्याला जागा देण्याची ताकद त्या गावात होती. पण ती जागा देवत्वामुळे मिळाली. त्याच गावात देव नसलेला एखादा वेडा असेल, तर त्याच्या वाट्याला काय आलं? त्याचं चरित्र कुणी लिहिलं नाही. तेव्हा देव असावं लागायचं, आता प्रतिभावंत असावं लागतं. सिनेमातला वेगळा मुलगा शेवटी चित्रस्पर्धा जिंकतो. नाही जिंकला तर?

'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द १९९८ च्या सुमारास छापील स्वरूपात आला. मराठीत आपण मेंदूंची विविधता म्हणू. ऑस्ट्रेलियातल्या जुडी सिंगर या समाजशास्त्राच्या अभ्यासक. त्यांची आई आणि मुलगी, दोघींमध्ये त्यांना हे वेगळेपण दिसलं होतं. सिडनीतल्या प्रबंधात त्यांनी ही कल्पना मांडली. पण त्याआधीच स्वमग्न माणसं स्वतः एकमेकांशी इंटरनेटवरच्या गटांमध्ये बोलू लागली होती, आणि तिथे ही कल्पना आकार घेत होती. गंमत पाहा, ज्यांना संवाद जमत नाही असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं, त्यांनीच लिहून संवाद केला. अट एकच होती, की समोरच्याने डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरायचा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मानवी स्वभाव समतेला परवानगी देतो का? इथे मानववंशशास्त्राची साक्ष काढू. रिचर्ड ली हे कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांत राहिले. नाताळला त्यांनी सगळ्यांसाठी एक भलामोठा, धष्टपुष्ट बैल आणला. जो तो येऊन म्हणू लागला, "हा कसला बैल, नुसती हाडं. उपाशीच राहणार आम्ही." ली हिरमुसले. नंतर कळलं की ही तिथली रीतच आहे. मोठी शिकार करणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये, तो स्वतःला नायक आणि इतरांना चाकर समजू नये, म्हणून त्याच्या शिकारीला नावं ठेवायची. ली यांनी हा अनुभव १९६९ साली प्रसिद्ध केला.

लक्षात घ्या, या लोकांत सगळे शिकारी सारखे नसतात. कोणी तरबेज, कोणी ढ. ते फरक नाकारत नाहीत, फरकाची सत्ता होऊ देत नाहीत. ख्रिस्तोफर बोहम यांनी चिंपांझींचाही अभ्यास केला होता. अशा अनेक टोळ्यांची माहिती एकत्र करून १९९३ साली त्यांनी सिद्धांत मांडला : माणसात वर्चस्व गाजवण्याची ओढ आहे, आणि दुसऱ्याचं वर्चस्व न सोसण्याचीही आहे. दुबळे एकत्र येऊन दांडग्याला आवरतात, तेव्हा समता टिकते. म्हणजे समता ही निसर्गाने दिलेली देणगी नाही आणि निसर्गाविरुद्धचं बंडही नाही. ती रोज करायची कामगिरी आहे. अंगण जसं रोज झाडावं लागतं, तसं.

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच पेच १९३६ साली सोडवला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न झालेलं ते भाषण आपल्याला माहीत आहे. त्यात ते विरोधकाचा मुद्दा आधी मान्य करतात : होय, माणसं समान नसतात. शरीराचा वारसा वेगळा, घरातून मिळालेलं शिक्षण वेगळं, स्वतःची मेहनत वेगळी. पण असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवायचं का? तसं केलं तर ज्यांना आधीच घराणं, पैसा आणि शिक्षण लाभलंय तेच शर्यत जिंकणार. म्हणून समता हे वस्तुस्थितीचं वर्णन नाही, ते वागण्याचं तत्त्व आहे. माझ्या मते 'पाच बोटं' या म्हणीला याहून चांगलं उत्तर नाही.

फक्त एक पाऊल पुढे जायला हवं. सारखं वागवणं म्हणजे एकच फूटपट्टी लावणं का? कार्ल मार्क्सने १८७५ साली गोथा कार्यक्रमावर टीका करताना नेमकं हेच दाखवलं. वेगवेगळ्या माणसांना एकच माप लावायचं तर त्यांची एकच बाजू पाहावी लागते आणि बाकीचं माणूस नजरेआड करावं लागतं. म्हणून समान हक्क हा व्यवहारात असमान होतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारलं, समता, पण कशाची? दोघांना सारखे पैसे दिले आणि त्यातला एक अपंग असेल, तर दोघांना सारखं हिंडता-फिरता येईल का? मोजायचंच असेल तर माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, काय होता येतं, ते मोजा.

आपल्या कायद्याने हे काही अंशी स्वीकारलं आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आल्या. आज डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, लेखनिक मिळू शकतो. त्यावर पालकच कुरकुरतात, "हा आमच्या मुलावर अन्याय नाही का?" मी त्यांना विचारतो, चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्यावर तुम्ही कधी हरकत घेतली होती का? तत्त्वज्ञानाच्या पेपरात मला तत्त्वज्ञान तपासायचं होतं. मी तपासलं हस्ताक्षर आणि वेग, आणि त्याला समता असं नाव दिलं.

व्याख्यान इथे संपलं होतं. पण प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका ताईंनी जे विचारलं, ते संयोजकांनी इथे ठेवावं अशी मी विनंती केली आहे. त्या म्हणाल्या, "सर, माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. बोलत नाही. लेखनिक दिला तरी तो परीक्षेला बसणार नाही. रात्री-रात्री ओरडतो. हा नुसता वेगळेपणा आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो. तुमच्या समतेत तो कुठे आहे?"

मी दिलेलं उत्तर असं. ताई, राग योग्यच आहे. वेगळेपणा म्हणजे त्रास नाही, असं म्हणणं खोटं आहे. विविधता या शब्दाने तुमची रात्र सोपी होत नाही, आणि औषध, उपचार, आराम हवा असणं यात समतेला बाध येत नाही. पण समतेची कसोटी माझ्या त्या हुशार विद्यार्थ्यावर लागत नाही. त्याच्यासाठी मी युक्तिवाद करू शकतो, कारण तो उपयोगी ठरला असता. खरी कसोटी तुमच्या मुलावर लागते, ज्याच्या बाजूने उपयोगाचा एकही युक्तिवाद करता येत नाही. तो समान आहे, याचा अर्थ त्याचं ओझं तुमच्या एकटीच्या खांद्यावर असता कामा नये, इतका तरी आहे. मादाम गेराँला सरकार पैसे देत होतं. तुम्हाला कोण देतं?

ताई म्हणाल्या, "कोणी नाही."

मग मानवी स्वभावात बसतं की नाही हा प्रश्न आज बाजूला ठेवू. बसतं, असं मी तासभर सांगितलं. आपण ते करत का नाही, हा प्रश्न उरला, आणि तो स्वभावाच्या माथी मारता येणार नाही.